पाखाडी ते पदपथ : पायी चालणाऱ्यांच्या वाटेचे नियोजन

रत्नागिरी तालुक्यात मुचकुंदी नदी समुद्राला मिळते, तिच्या मुखाच्या उत्तर बाजूस पूर्णगड वसले आहे. टेकडीच्या माथ्यावर छोटेखानी किल्ला, पायथ्याशी खाडी व बंदर आणि मधल्या उतारावर घरे, अशी या गावाची ठेवण. किल्ल्यावर जाणारा माणूस घरांच्या मधूनच चढत जातो. कोकण किनाऱ्यावरील कितीतरी गावे याच रीतीने वसलेली आहेत : वर कातळाचा सडा, उतारावर वाड्या, खाली शेते आणि पाणी. अशा गावांत मोटारीचा रस्ता ही उशिरा आलेली वस्तू. त्याच्या कितीतरी आधीपासून होती ती पाखाडी.

जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधून काढलेली, बहुधा पायऱ्यापायऱ्यांची, घरांच्या आणि बागांच्या गडग्यांमधून जाणारी पायवाट म्हणजे पाखाडी. शहरातल्या वाचकाला ती सहलीच्या छायाचित्रात भेटते. वाडीच्या दृष्टीने ती मुख्य वाहतूक व्यवस्था असते. शाळेची मुले, पाण्याचे हंडे, आंब्याच्या पेट्या, आजाऱ्याची डोली, भाद्रपदात डोक्यावरून येणारा गणपती आणि शिमग्यात घरोघर जाणारी देवाची पालखी, सारे याच वाटेने येत-जात राहिले. नगररचनेच्या परिभाषेत जिला पादचारी मार्ग म्हणतात, ती गोष्ट कोकणात रहिवाशांनी स्वतः आखली, श्रमदानाने बांधली आणि मुंबईकर मंडळांच्या वर्गणीतून दुरुस्त केली. पादचाऱ्यांच्या सोयींची चर्चा पुण्या-मुंबईच्या पदपथांपासून सुरू होते आणि तेथेच संपते, तेव्हा ही परंपरा सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

वाटेचे माप

पाखाडीचे माप कोणत्याही संहितेत लिहिलेले नाही, ते वापरातून ठरले. डोक्यावर ओझे घेतलेली दोन माणसे एकमेकांना वाट देऊ शकतील, पालखी वळणावर अडणार नाही, तिरडी नेता येईल, ही त्याची व्यवहारी कसोटी. पायरी उंचीला कमी आणि रुंदीला ऐसपैस ठेवायची, कारण ओझे घेतलेल्याचा आणि म्हाताऱ्याचा पाय उंच उचलला जात नाही. चढ लांब असेल तर मध्ये टप्पा द्यायचा. कडेने पाण्याला स्वतंत्र वाट काढून द्यायची. नाहीतर पावसाळ्यात पाखाडीचाच पऱ्या होतो.

यातील शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो प्रामुख्याने चार महिन्यांत पडतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहिल्यावर कठीण होतो. पण तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरतो आणि सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ चढते. म्हणून पाखाडीची देखभाल म्हणजे मुख्यतः शेवाळ खरवडणे, निसटलेला चिरा बसवणे आणि गटार मोकळे करणे. ही कामे पावसाळ्याआधी वाडीने मिळून करावयाची असत. वाडीतली तरुण माणसे मुंबईला गेली आणि ही पद्धत अनेक ठिकाणी ढिली पडली. त्यानंतर पाखाडी हे सरकारी निधीतून करावयाचे काम झाले. आमदार निधी, जिल्हा वार्षिक योजना, वित्त आयोगाचा निधी यांतील कामांच्या याद्यांत ‘अमुक वाडीत पाखाडी बांधणे’ ही ओळ हमखास आढळते. तिच्याच शेजारी असतो साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल.

निधी आला तसे सिमेंटही आले. गुळगुळीत काँक्रीटची पाखाडी पहिल्या वर्षी देखणी दिसते. पण ती पाणी मुरू देत नाही, वेगाने खाली सोडते, आणि शेवाळ चढले की जांभ्यापेक्षा अधिक निसरडी होते. पायऱ्या मोडून त्या जागी उतार केला की दुचाकी थेट अंगणात येते. ही सोय खोटी नव्हे. दमेकरी माणसाला दवाखान्यात नेताना तिचे मोल कळते. पण उतार झाल्यावर पायी चालणाऱ्याला त्याच अरुंद वाटेवर दुचाकीला जागा देत चढावे लागते. अर्धी रुंदी पायऱ्यांची, अर्धी उताराची, मध्ये हाताला धरायला कठडा, असा मधला मार्ग काढता येतो. पण तो ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात आपोआप येत नाही. तो वाडीने मागावा लागतो.

जमीन कोणाची

अनेक पाखाड्या खासगी जमिनीतून जातात. आजोबांच्या काळात तोंडी संमतीने दिलेली वाट नातवाच्या काळात, विशेषतः जमीन बाहेरच्या माणसाला विकली गेल्यावर, कुंपणाने बंद होते. किनाऱ्यावर जमिनींचे व्यवहार वाढू लागल्यापासून ही भांडणे नवी राहिलेली नाहीत. सन १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यानुसार, म्हणजे बोलीत ज्याला वहिवाटीचा हक्क म्हणतात त्याच्या कायद्यानुसार, वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो. मात्र वाट अडवली गेल्यावर दोन वर्षांच्या आत दाद मागणे आवश्यक असते. गावात नेमके येथेच घोडे अडते. शेजाऱ्याशी वाकडेपणा नको म्हणून लोक चार पावसाळे वळसा घालून जातात आणि हक्क निसटतो.

वाट सार्वजनिक असेल तर गोष्ट सोपी असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५९ च्या कलम ५३ नुसार सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस आहे. प्रश्न असतो तो वाट सार्वजनिक आहे हे दाखवण्याचा. ग्रामपंचायतीच्या दप्तरात ताब्यातील रस्त्यांची नोंदवही असते, तिला नमुना २३ म्हणतात. वाडीची पाखाडी तीत नोंदलेली आहे की नाही, हे पाहण्याचे कष्ट फारच थोडे लोक घेतात. श्रमदानातून झालेल्या जुन्या वाटा सरकारी खर्चाने झालेल्या नसल्यामुळे त्यांचा कागद मागे राहण्याची शक्यता अधिक.

जेथे पाखाडी संपते

पाखाडीवर पाय घसरतो, क्वचित हाड मोडते. जीव जाण्याची भीती असते ती पाखाडी जेथे डांबरी रस्त्याला मिळते तेथे. पूर्णगडवरून सागरी मार्ग जातो. पावसहून आलेला हा रस्ता मुचकुंदीच्या खाडीवरील पुलावरून गावखडी, कशेळीकडे उतरतो. रेवस ते रेड्डी हा सुमारे पाचशे किलोमीटरचा किनारी मार्ग रुंद करण्याची आणि खाड्यांवर नवे पूल बांधण्याची योजना महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. पूल झाले, अंतरे कमी झाली, हे कोकणाच्या हिताचेच आहे. खाडीकाठच्या गावांनी तरीसाठी ताटकळत काढलेले दिवस ज्यांना आठवतात, ते नव्या पुलाला नावे ठेवणार नाहीत. पण रस्ता रुंद व गुळगुळीत झाला की वाहनाचा वेग वाढतो, आणि वाडीची शेवटची पायरी मात्र असते तेथेच राहते.

यातील गणित साधे आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते, ६० च्या वेगाने जाणारे सुमारे १७ मीटर. चालकाला माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातो, आणि वाहन थांबण्याचे अंतर त्यापुढचे. गडग्याआडून एकदम रस्त्यावर आलेल्या मुलाला १७ मीटरवरचा चालक वाचवू शकत नाही, त्याची इच्छा कितीही असली तरी. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेने, जेथे पायी चालणारे आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे जाहीर केले ते याच हिशेबावर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ मध्ये देशात १५,७४६ पादचारी अपघातांत मरण पावले. २०२२ मध्ये हा आकडा ३२,८२५ झाला. त्या वर्षी रस्त्यांवर मरण पावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी जवळजवळ प्रत्येक पाचवा माणूस पायी चालणारा होता.

पाखाडीच्या तोंडाशी करावयाची कामे मात्र लहान आहेत. शेवटची पायरी थेट डांबरावर उतरू नये. रस्त्याच्या पातळीवर चार-पाच माणसे उभी राहतील एवढी मोकळी जागा मध्ये असावी. कोपऱ्यावरचा गडगा कमरेएवढा उतरवला तर चालकाला माणूस आणि माणसाला वाहन दिसते. एस.टी.चा थांबा वळणावर किंवा पुलाच्या तोंडाशी नसावा. संध्याकाळच्या गाडीने उतरणाऱ्यांसाठी दिवा असावा. गतिरोधकाची मागणी सर्वांत आधी होते, पण मनास येईल तेथे टाकलेला मातीचा उंचवटा हा गतिरोधक नव्हे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार तो गोलाकार, ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा लागतो, आणि त्याची सूचना देणारा फलक आधी लागतो. मोठ्या मार्गांवर उंचवट्याऐवजी आडव्या जाड पट्ट्यांची मालिका दिली जाते.

ही कामे रखडतात, कारण पाखाडी ग्रामपंचायतीची, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा अथवा महामंडळाचा, थांबा एस.टी.चा आणि दिव्याचा खांब वीज कंपनीचा. जागा एकच, ताबेदार चार. तेथे रोज उभे राहणारे रहिवासी सोडले तर ही जागा सलग पाहणारे कोणीही नसते.

शहरांनी काय केले

हाच पेच शहरांत अधिक मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तेथील रहिवाशांनी तो सोडवण्याचे काही प्रयोग केले आहेत. पुण्यात ‘पादचारी प्रथम’, ‘परिसर’ यांसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे पदपथांची मोजमापे घेतली, अडथळ्यांची छायाचित्रे काढून महापालिकेपुढे ठेवली. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. त्याआधी २०१४ मध्ये चेन्नईने तशा स्वरूपाचे धोरण मंजूर केले होते. २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून पुण्यात नागरिकांना आपल्या भागातील लहान कामे सुचवण्याची सोय झाली आणि पदपथांची दुरुस्ती हा त्यातील नेहमीचा विषय ठरला. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ हे पुणेकरांना परिचित असलेले उदाहरण. तेथे बसायला जागा आली, झाडे सुरक्षित राहिली. पुढे त्याच पदपथांवर दुचाक्या चढू लागल्या हेही खरे. ११ डिसेंबर २०२१ रोजी गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला, आणि नंतरच्या वर्षांतही त्याच दिवशी हा उपक्रम होत राहिला.

औंध भागात रस्त्याची फेररचना करताना आधी तात्पुरते अडथळे आणि रंगाचे पट्टे टाकून नवी आखणी लोकांना चालून पाहू दिली गेली. ही पद्धत स्वस्त आणि प्रामाणिक आहे. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसालाही चुन्याची रेघ वाचता येते.

मुंबईत २ नोव्हेंबर २०१४ पासून वांद्रे-सांताक्रूझ पट्ट्यात रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांसाठी बंद ठेवण्याचा ‘इक्वल स्ट्रीट्स’ हा उपक्रम सुरू झाला. गर्दी प्रचंड लोटली, पण त्याच रस्त्यांवर राहणाऱ्या काहींना गोंगाट आणि अडचण नकोशी झाली आणि उपक्रम फार टिकला नाही. बाहेरून येणाऱ्याचा आनंद आणि तेथे राहणाऱ्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथे कळून आले. माटुंग्याची गोष्ट उलट. तेथील उड्डाणपुलाखालच्या जागेत बेकायदा वाहनतळ आणि अतिक्रमण होऊ नये म्हणून रहिवाशांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये तेथे चालण्याच्या मार्गासह उद्यान खुले झाले. हा मार्ग नर्मदेच्या प्रवाहाच्या आकाराने आखलेला आहे.

परदेशातील सर्वाधिक बोलके उदाहरण नेदरलँड्सचे. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यात चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. डेल्फ्ट शहरातील वस्त्यांत झाडे, बाके व वळणे आणून गल्ल्यांतून वाहनांचा वेग माणसाच्या चालीपर्यंत आणण्यात आला, आणि १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याने मान्यता मिळाली. त्यांना तेथे ‘वूनर्फ’ म्हणतात. शब्दशः अर्थ राहते अंगण. कोकणातल्या माणसाला ही कल्पना नवी वाटू नये. त्याच्याकडे वाट पूर्वीपासूनच अंगणाला लागून जाते.

चालण्याच्या वाटेला कोणता दगड घालावा हा वाद आपल्या राज्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो माथेरानच्या निमित्ताने. माथेरान हे मोटारबंदीचे गाव. तेथील लाल वाटा जांभ्याच्या. त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही यावरून रहिवासी, घोडेवाले आणि प्रशासन यांच्यात मतभेद झाले. ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले; दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर ब्लॉकना मुभा दिली, पण अंतर्गत वाटांवर ते बसवू नयेत असे बजावले.

वाडीचा आराखडा

२०१५-१६ पासून राज्यात ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला विकास आराखडा करावयाचा असतो आणि तो ग्रामसभेपुढे यावा लागतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानेच घ्यावयाच्या आहेत. म्हणजे पुणेकरांना जी संधी अंदाजपत्रकातील एका तरतुदीने मिळाली, ती गावाला कायद्याने आधीपासून आहे. अडचण अशी की आराखड्यात ‘पाखाडी दुरुस्ती’ एवढीच ओळ जाते. कोणती पाखाडी, कोठून कोठे, कोणती पायरी निसटली, पाणी कोठे साचते, हे तीत नसते. मग ठेकेदार सोपा भाग करून मोकळा होतो.

वाडीने स्वतः वाट चालून पाहणे हा यावरचा उपाय आहे. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, पण चालण्याची वेळ विचारपूर्वक निवडावी लागते : भर पावसातली एक सकाळ, शाळा सुटण्याची वेळ आणि दिवे लागल्यानंतरचा तास. सोबत एक वृद्ध आणि एक शाळकरी मूल असले म्हणजे तरुण कार्यकर्त्याला न दिसणारी ठिकाणे दिसतात. बायका ज्या वाटेने काळोख पडल्यावर जाणे टाळतात ती वाट कोणत्याही अभियंत्याच्या पाहणीत येत नाही; ती ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत कळते, जर ती सभा केवळ सह्यांपुरती झाली नाही तर.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागेल. वाटा मोकळ्या करताना पहिली कुऱ्हाड बहुधा नाक्यावर टोपली मांडून बसणाऱ्या मासेविक्रेत्या बाईवर पडते. शहरांत २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिला काही संरक्षण आणि समितीत प्रतिनिधित्व दिले. तो कायदा नागरी भागांपुरता असल्याने गावातील विक्रेतीला त्याचा आधार नाही. वास्तविक तिच्यामुळे नाक्यावर जाग असते, आणि संध्याकाळी एस.टी.तून एकट्या उतरणाऱ्या मुलीला त्या जागेचा धीर असतो. तिच्यासाठी रस्त्यापासून दोन पावले आत ओटा बांधला तर वाटही मोकळी होते आणि तीही राहते.

पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट केले आणि अपंगांनाही वापरता येतील असे पदपथ असावेत यासाठी राज्यांनी मार्गदर्शक सूचना कराव्यात, असा आदेश दिला. या आदेशाची चर्चा झाली ती शहरांच्या संदर्भात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असे म्हटले आहे, तेही शहरी रस्ते डोळ्यांपुढे ठेवून. वस्तीतून जाणाऱ्या सागरी मार्गाच्या कडेला तेवढी जागा सोडायची की नाही, हे त्या-त्या टप्प्याची आखणी होतानाच ठरते. भूसंपादनाची मोजणी सुरू झाल्यावर पाखाडीचे तोंड नकाशावर आणण्यासाठी ग्रामसभेचा ठराव, नमुना २३ चा उतारा आणि वाडीने काढलेला हातनकाशा, एवढे कागद जोडून मोजणीच्या वेळीच हरकत नोंदवावी लागते.